मतपत्रिका टपालाने घरी येते तेव्हा: पोस्टल मतदान बरं की मतदान केंद्र?

नलिनी_पोर्टलँड | १९ ऑक्टोबर २०२४

काल संध्याकाळी टपालपेटीत मतपत्रिकेचं पाकीट आलं. आज शनिवार. सकाळचा चहा झाल्यावर स्वयंपाकघरातलं टेबल पुसून घेतलं आणि मतपत्रिका पसरून बसले. दोन तास झाले, अजून निम्मीच भरून झाली आहे. तेवढ्यात हा धागा काढावासा वाटला.

मी ओरेगनमध्ये राहते. नागरिकत्व घेऊन आठ वर्षं झाली, पण मतदान केंद्र नावाची जागा मी इथे कधी पाहिली नाही, कारण ती नाहीच. १९९८ मध्ये इथल्या मतदारांनीच कौल देऊन ठरवलं की सगळं मतदान टपालाने करायचं. २००० ची अध्यक्षीय निवडणूक तशी झालेली पहिली. मतपत्रिका घरी येते, आपण भरायची, पाकिटावर सही करायची आणि टपालात टाकायची (तिकीट लावावं लागत नाही) किंवा चौकातल्या मतपेटीत नेऊन टाकायची.

यंदा पोर्टलँडमध्ये महापौरपदाला १९ उमेदवार आहेत. नगर परिषदेची रचनाच बदलली आहे: चार प्रभाग, प्रत्येकी तीन जागा आणि मत पसंतीक्रमाने, सहाव्या पसंतीपर्यंत. माझ्या प्रभागात तीसच्या आसपास नावं आहेत. शिवाय राज्याचे पाच प्रस्ताव. त्यातल्या ११८ क्रमांकाच्या प्रस्तावात मोठ्या कंपन्यांवर कर बसवून दर माणशी वर्षाला सुमारे १६०० डॉलर वाटायचे आहेत. ऐकायला गोड वाटतं. मग सोबत आलेली मतदार पुस्तिका उघडली, बाजूची आणि विरोधातली पानं वाचली, मुलाशी वाद घातला, आणि माझं मत दोनदा बदललं. हेच सगळं रांगेत उभं राहून तीन मिनिटांत उरकायचं असतं, तर ओळखीच्या वाटणाऱ्या नावांपुढे खुणा करून मी बाहेर पडले असते.

दुसरी गोष्ट आईची. तिचं वय ८७, कऱ्हाडला असते. खुब्याचं हाड मोडल्यापासून तिला उंबरा ओलांडता येत नाही. २०१९ ला तिचं मत राहिलं, ते ती अजून बोलून दाखवते. यंदा मे महिन्यात लोकसभेला तिने घरी बसून मत दिलं. फोनवर तिचा आवाज ऐकायला हवा होता.

माझं मत स्पष्ट आहे: घरून मत देणं केंद्रावर जाण्यापेक्षा सरस आहे. तुम्हाला काय वाटतं?

---

विनू_ठाणे | १९ ऑक्टोबर

नलिनीताई, तुमची मतदानाची रीत कामाची आहे, पण कोरडी वाटते हो. आमच्याकडे मतदानाचा दिवस म्हणजे ज्या शाळेत आपण शिकलो तिच्या त्याच वर्गात परत जायचं. रांगेत तळमजल्यावरचे जोशीकाका, त्यांच्यामागे इस्त्रीवाला, त्याच्यामागे आमच्या इमारतीतल्या डॉक्टरीणबाई. वर्षभर लिफ्टमध्येही न बोलणारी माणसं तासभर गप्पा मारतात. मत एकट्याने द्यायचं असलं तरी द्यायला आपण सगळे मिळून जातो. ते गेलं तर मला चुकल्यासारखं होईल.

---

तिरफळ | १९ ऑक्टोबर

आणि शाई? बोटाला शाई कोण लावणार?

---

विनू_ठाणे | १९ ऑक्टोबर

तेच म्हणतोय. माझी मुलगी अठराची झाली तेव्हा महिनाभर बोट मिरवत होती.

---

मेधा_के | २० ऑक्टोबर

मला इथे थोडं वैयक्तिक लिहावं लागेल.

लग्न होऊन मी ज्या घरात आले, तिथे मत कुणाला द्यायचं ते सासरे ठरवायचे. भांडण नाही की दमदाटी नाही. जेवताना सांगायचे, आणि विषय संपायचा. मतदानाच्या दिवशी सगळे एकाच गाडीतून जायचो. चिठ्ठ्याही त्यांच्याच खिशात. पण यंत्रापाशी मात्र प्रत्येकाला एकटंच जावं लागायचं. त्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे मी लग्नानंतर पहिल्यांदा घरात कुणालाही न विचारता काहीतरी केलं. बटण दाबल्यावर जो आवाज येतो ना, तो मला अजून आठवतो. बाहेर आले तेव्हा सासऱ्यांनी विचारलं, "दिलंस ना बरोबर?" मी म्हटलं, "हो, बरोबर दिलं."

त्या घरी पाच मतपत्रिका टपालाने आल्या असत्या तर काय झालं असतं? जेवणाच्या टेबलावर पाचही उघडल्या असत्या. एका पेनने भरल्या असत्या. मी फक्त सही केली असती.

नलिनी, तुझ्या टेबलावर तू आणि तुझा मुलगा वाद घालता, हे छानच आहे. सगळ्यांची टेबलं तशी नसतात.

---

नलिनी_पोर्टलँड | २० ऑक्टोबर

मेधा, हे वाचून मी बराच वेळ काही लिहिलं नाही. तुझ्या प्रश्नाला माझ्याकडे आज तरी उत्तर नाही. इथे पाकिटावरची सही नोंदणीतल्या सहीशी ताडून पाहतात. पण सही खरी आहे एवढंच त्यातून कळतं. ती करताना मागे कोण उभं होतं ते कसं कळणार? इथल्या निवडणूक कार्यालयात आडोशाची सोय असते, तिथे जाऊन कुणालाही एकट्याने मत भरता येतं. पण ते माहीत असणाऱ्या बायका किती, आणि घरातून निघताना कारण काय सांगणार?

---

इसारकाठचा | २० ऑक्टोबर

म्यूनिकहून. जर्मनीत १९५७ पासून टपाली मतदान आहे. आधी कारण द्यावं लागायचं, आता लागत नाही. २०२१ च्या संसदीय निवडणुकीत जवळजवळ निम्म्या, म्हणजे ४७ टक्के मतदारांनी टपालानेच मत दिलं. मतपत्रिका आतल्या पाकिटात, ते पाकीट आणि सही केलेलं प्रतिज्ञापत्र बाहेरच्या लाल पाकिटात. "मत मी स्वतः दिलं" असं त्यात लिहून द्यावं लागतं. मोजताना आधी लाल पाकीट उघडून प्रतिज्ञापत्र तपासतात, आतलं पाकीट न उघडता पेटीत टाकतात आणि मग सगळी आतली पाकिटं एकत्र उघडतात. त्यामुळे कुणाचं मत कुठलं हे मोजणाऱ्याला समजत नाही.

शेजारी स्वित्झर्लंडमध्ये तर दहातली नऊ मतं टपालाने येतात. तिथे वर्षातून तीन-चार वेळा जनमत घेतात. दर वेळी केंद्रावर या म्हटलं तर लोक कंटाळतील.

पण फ्रान्सने मेधाताईंच्या बाजूचा निर्णय घेतला. तिथे टपाली मतदान होतं, त्यात गैरप्रकार झाले, विशेषतः कॉर्सिका बेटावर. १९७५ मध्ये त्यांनी ते बंदच केलं. आता ज्याला येता येत नाही तो दुसऱ्या मतदाराला अधिकारपत्र देतो. मला हे त्याहून विचित्र वाटतं, कारण आपलं मत काय आहे ते त्या माणसाला सांगावंच लागतं.

आणि ऑस्ट्रियाची गोष्ट. २०१६ ची अध्यक्षपदाची फेरी तिथल्या घटनात्मक न्यायालयाने रद्द केली, कारण काही जिल्ह्यांत टपाली मतं ठरलेल्या वेळेआधी आणि नेमलेल्या लोकांशिवाय उघडली होती. गैरव्यवहार झाला म्हणून नाही, केवळ नियम मोडला म्हणून. फेरमतदान ऑक्टोबरात ठरलं, तर पाकिटांचा डिंक उकलायला लागला. शेवटी ते डिसेंबरवर गेलं.

---

तिरफळ | २० ऑक्टोबर

डिंकामुळे राष्ट्राध्यक्ष दोन महिने अडला! आमच्या आजीला बोलवायचं होतं. तिची भाताची खळ लावलेलं पाकीट फाडल्याशिवाय उघडायचं नाही.

---

चंदगडचे_गुरुजी | २१ ऑक्टोबर

नमस्कार. जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. सात निवडणुकांची ड्यूटी केली. थोडं सविस्तर लिहितो, कारण "पोस्टल" या एका शब्दाखाली आपल्याकडे तीन वेगळ्या गोष्टी येतात.

पहिली, आम्ही ड्यूटीवरचे कर्मचारी. आमचं केंद्र एका गावात, नाव दुसऱ्या गावच्या यादीत. त्याच मतदारसंघात ड्यूटी असली तर प्रमाणपत्र मिळतं आणि जिथे आहोत तिथेच यंत्रावर मत देता येतं. नाहीतर नमुना १२ भरून पोस्टल मतपत्रिका. पूर्वी ती घरी घेऊन जायचो आणि मतमोजणीच्या सकाळपर्यंत पोचली तरी चालायचं. म्हणजे मतपत्रिका दिवसचे दिवस आमच्या हातात. गावात कळायचंच की गुरुजींकडे कोरं मत आहे. चहाला बोलावणारे वाढायचे. आता प्रशिक्षणाच्या ठिकाणीच सुविधा केंद्र असतं, तिथेच आडोशाला मत द्यायचं आणि पेटीत टाकून यायचं. मला हा बदल शंभर टक्के पटला.

दुसरी, सैन्यदलातली माणसं. त्यांना मतपत्रिका संगणकावरून जाते. ते छापून घेतात, भरतात आणि टपालाने परत पाठवतात.

तिसरी, ८५ वर्षांवरची आणि ४० टक्क्यांपेक्षा कमी नाही इतकं अपंगत्व असलेली माणसं. नलिनीताईंच्या आईंनी दिलं ते हे. आधी वयाची अट ८० होती, या वर्षी मार्चमध्ये ८५ झाली. यात टपाल कुठेच येत नाही. आम्ही स्वतः घरी जातो. एप्रिल-मे मध्ये मी या पथकात होतो. दोन कर्मचारी, पोलीस, व्हिडिओवाला. कुठल्या दिवशी कुणाकडे जाणार ते उमेदवारांना आधी कळवलेलं असतं.

एका घरी आजी ९१ वर्षांच्या. वाडा जुना, माजघरात खाट. सूनबाई म्हणाल्या, "त्यांना दिसत नाही नीट, मी करते खूण." आम्ही आजींना विचारलं, दिसतंय का? आजी म्हणाल्या, "मला दिसतंय. हिला बाहेर घाला." सगळ्यांना सोप्यात बसवलं, खाटेवर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला, कॅमेऱ्याचं तोंड फिरवलं. आजींना आठ मिनिटं लागली. मतपत्रिका आतल्या पाकिटात घातली, पाकीट चिकटवलं, प्रतिज्ञापत्रावर अंगठा घेतला. मग त्यांनी आम्हाला सगळ्यांना लाडू दिला. ड्यूटीवर काही घ्यायचं नसतं. मी घेतला.

मेधाताई, तुमच्या लेखनावर मी रात्री विचार केला. आडोसा घरातही नेता येतो. पण तो धरून उभं राहायला परका माणूस लागतो.

---

मेधा_के | २१ ऑक्टोबर

गुरुजी, तुमच्या आजींचं "हिला बाहेर घाला" मी कायमचं लक्षात ठेवणार आहे.

---

अनघा_नाशिक | २१ ऑक्टोबर

धाग्यातून थोडं बाहेर जाऊन विचारते. माझ्या भावाला ७० टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र आहे, चाकाच्या खुर्चीवर असतो. विधानसभेला घरून मत द्यायचं तर काय करायचं? घाई आहे.

---

चंदगडचे_गुरुजी | २१ ऑक्टोबर

नमुना १२-ड. तुमचे बीएलओ (मतदान केंद्राची यादी सांभाळणारे अधिकारी) घरी आणून देतात, नाही आले तर तुम्हीच फोन करा. अधिसूचना उद्या २२ ला निघेल, त्यानंतर ५ दिवसांच्या आत भरलेला अर्ज त्यांच्या हातात गेला पाहिजे. अपंगत्वाच्या प्रमाणपत्राची प्रत जोडा. एक लक्षात ठेवा: अर्ज मंजूर झाला की यादीत नावापुढे पोस्टलची खूण होते, मग केंद्रावर जाऊन मत देता येत नाही. पथक आलं तेव्हा घरी नसला तर आणखी एकदा येतात, तिसऱ्यांदा नाही. भावाला केंद्रावर जायची हौस असेल तर आधी त्यालाच विचारा.

---

अनघा_नाशिक | २१ ऑक्टोबर

विचारलं. म्हणतो, "मला केंद्रावरच जायचंय, उतार आहे का ते बघ फक्त." त्याच्यासाठी मी परस्पर ठरवत होते, माझं चुकलंच.

---

वाडीवरला | २३ ऑक्टोबर

बीड जिल्हा, आष्टीकडचा आहे. पुण्यात नोकरी करतो, घरचे ऊसतोडीला जातात.

मतदान २० नोव्हेंबरला आहे. गाळप हंगाम १५ नोव्हेंबरपासून. म्हणजे मतदानाच्या दिवशी आमच्या भागातली लाखो माणसं कोल्हापूर, सांगली, कर्नाटकात उसाच्या फडात असणार. आमदार निवडायचा बीडमध्ये आणि मत देणारा फडावरच्या कोपीत (झोपडीत), तीनशे किलोमीटरवर. सैनिकाला पोस्टल आहे, कर्मचाऱ्याला आहे. सहा महिने गाव सोडून जाणाऱ्या मजुराला नाही. ऊसतोड कामगाराला पोस्टल मत का देत नाहीत, हा माझा साधा प्रश्न आहे.

---

विनू_ठाणे | २३ ऑक्टोबर

दादा, हे मला सुचलंच नव्हतं. मी शाईवर लिहीत बसलो होतो.

---

धोंडोपंत | २४ ऑक्टोबर

वाडीवरला यांच्या प्रश्नाबद्दल पूर्ण सहानुभूती आहे, पण मी त्याच्या विरोधात बोलणार आहे.

२०१८ मध्ये अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाच्या नवव्या मतदारसंघात काय झालं पाहा. एका उमेदवारासाठी काम करणाऱ्या माणसाने पैसे देऊन माणसं लावली, त्यांनी घरोघर जाऊन टपाली मतपत्रिका गोळा केल्या. फरक ९०५ मतांचा. राज्याच्या निवडणूक मंडळाने निकालच मान्य केला नाही आणि २०१९ मध्ये पुन्हा निवडणूक घ्यायला लावली. इंग्लंडात बर्मिंगहॅमला २००४ च्या स्थानिक निवडणुकीत टपाली मतांचा असाच घोळ झाला आणि कोर्टाने सहा नगरसेवकांची निवड रद्द केली. आता ब्रिटनमध्ये नियम आहे की आपल्या पाकिटाशिवाय दुसऱ्यांची पाचच पाकिटं नेऊन देता येतात.

दोन्हीकडे मुद्दा एकच. पाकीट मतदाराच्या हातातून पेटीत जाईपर्यंत मधे कोण होतं, घोटाळा तिथे झाला. आता फडात मतपत्रिका आल्या असं समजा. पत्ता कुणाचा? टोळी आणणाऱ्या मुकादमाचा. लिहिता-वाचता कुणाला येतं? मुकादमाला. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, कुणाकडून घेतली आहे? मुकादमाकडून. चाळीस पाकिटं एका माणसाच्या पिशवीत जातील.

---

वाडीवरला | २४ ऑक्टोबर

धोंडोपंत, तुम्ही बोलता ते खरं आहे. माझा चुलता मुकादम आहे, मला माहीत आहे पिशवी कशी असते. पण ऐका. आज त्या चाळीस माणसांचं मत मुकादम घेत नाही, कारण ते मतच पडत नाही. चोरी होईल म्हणून घरात काही ठेवायचंच नाही, असं कुणी तुम्हाला सांगितलं तर चालेल का?

---

दुबईकर_चिपळूणचा | २५ ऑक्टोबर

आमचीही तीच कथा आहे, जरा बऱ्या परिस्थितीतली. २०१० च्या दुरुस्तीनंतर परदेशातल्या भारतीय नागरिकांना मतदार म्हणून नाव नोंदवता येतं. पण मत द्यायला मूळ पासपोर्ट घेऊन गावच्या केंद्रावर हजर राहावं लागतं. आम्हालाही पोस्टल द्यावं असा प्रस्ताव आयोगाने २०२० मध्ये सरकारकडे पाठवला होता. अजून काही झालेलं नाही. माझी पाळी दोनदा गेली, कारण रजाच मिळाली नाही. पण वाडीवरला दादा, दोघांतून एकालाच द्यायचं असेल तर आधी तुमच्या लोकांना मिळावं. मी माझ्या मर्जीने इथे आलोय.

---

चंदगडचे_गुरुजी | २५ ऑक्टोबर

देशातल्या देशात स्थलांतर करणाऱ्यांसाठी आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये दूरस्थ मतदान यंत्राचा नमुना जाहीर केला होता. एका यंत्रावर ७२ मतदारसंघांपर्यंतची मतं घेता येतील असा. जानेवारी २०२३ मध्ये राजकीय पक्षांना दाखवायला बोलावलं होतं, तिथे आक्षेप निघाले आणि काम पुढे सरकलं नाही. तसं केंद्र कारखान्याच्या आवारात उभं राहिलं तर आडोसा राहील आणि मुकादमाची पिशवीही मधे येणार नाही. आमच्या तालुक्यात ऊस तोडायला बीडचीच माणसं येतात. त्यांची मुलं चार महिने माझ्या वर्गात बसतात. त्यांच्या आईबापांच्या मतदानाची ड्यूटी लागली तर मी आनंदाने करीन.

---

श्वेता_पिट्सबर्ग | २६ ऑक्टोबर

अमेरिकेतल्या मंडळींना सावधगिरीची सूचना. ओरेगनचा अनुभव सगळ्या राज्यांना लागू नाही. आमच्या पेन्सिल्व्हेनियात मतपत्रिका आतल्या गोपनीय पाकिटात घालायची राहिली तर मत बाद. "उघडी मतपत्रिका" म्हणतात तिला. २०२० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तसा निकाल दिला. मतदानाच्या दिवशी रात्री ८ पर्यंत पाकीट कार्यालयात पोचलं पाहिजे, त्या तारखेचा शिक्का असून उपयोग नाही. बाहेरच्या पाकिटावर तारीख घालायची विसरलात तरी यंदा (२०२४) पंचाईत. केंद्रावर चूक झाली तर समोरचा माणूस सांगतो. घरी चूक झाली तर सांगणारं कुणी नसतं. म्हणून मी केंद्रावर जाते.

---

रॉकीज_रवी | २६ ऑक्टोबर

श्वेता, कोलोरॅडोचं ऐक. २०१३ च्या कायद्यापासून इथे प्रत्येक मतदाराला मतपत्रिका घरी येते. पण केंद्रंही चालू ठेवली आहेत. मतपत्रिका हरवली, चुकली, मदत हवी आहे किंवा घरात बसून मत द्यायचं नाही, तर जिल्ह्यातल्या कुठल्याही केंद्रावर जा, तिथे मत दे. आधीचं पाकीट पोचलेलं नसेल तर ते रद्द होतं. पाकीट पोचलं, सही जुळली, मत स्वीकारलं असे निरोप फोनवर येत राहतात. मेधाताईंना त्या घरातून कधीतरी भाजी आणायच्या निमित्ताने निघून केंद्रावर जाता आलं असतं.

---

मेधा_के | २६ ऑक्टोबर

भाजीच्या निमित्ताने, हो. ते जमलं असतं.

---

नलिनी_पोर्टलँड | २८ ऑक्टोबर

आज पहाटे इथे पोर्टलँडमध्ये एका मतपेटीला कुणीतरी आग लावली. थोड्या वेळाने नदीपलीकडे वॉशिंग्टन राज्यातल्या व्हँकूव्हरमध्येही तेच. आमच्या पेटीत आग विझवणारी यंत्रणा होती, ती चालली, तीनच मतपत्रिका खराब झाल्या. पलीकडची यंत्रणा चालली नाही, शेकडो गेल्या. मी माझं पाकीट दुसऱ्या पेटीत शुक्रवारीच टाकलं होतं, तरी हात कापत होते. ज्या यंत्रणेचं इथे एवढं कौतुक केलं, ती फुटपाथवर एका लोखंडी पेटीत उभी असते.

---

इसारकाठचा | २८ ऑक्टोबर

वाईट वाटलं. जळलेल्या मतांचं काय होणार?

---

नलिनी_पोर्टलँड | २९ ऑक्टोबर

पाकिटांवर मतदाराची ओळख पटवणारी खूण असते. जेवढी वाचता येतात त्यांच्या मालकांशी संपर्क करून नवी मतपत्रिका देणार आहेत. आमच्याकडच्या तिघांना तर कळवतीलच. व्हँकूव्हरला ज्यांनी शनिवारी सकाळी ११ नंतर त्या पेटीत पाकीट टाकलं, त्यांनी स्वतःहून चौकशी करावी असं सांगितलं आहे. माझं पाकीट स्वीकारल्याचा निरोप काल रात्री आला.

यातूनच एक मुद्दा मनात आला. माझी सही जुळली नसती तर मला कळवलं असतं आणि मतदानानंतर २१ दिवसांपर्यंत दुरुस्त करता आली असती. आपल्याकडे पोस्टल मत बाद झालं तर मतदाराला कळवतात का?

---

धोंडोपंत | ३० ऑक्टोबर

नाही. मोजणीच्या टेबलावर प्रतिज्ञापत्र नाही, सही नाही, साक्षांकन नाही किंवा क्रमांक जुळत नाही, तर आतलं पाकीट न उघडताच मत बाद होतं. मतदाराला कधीच समजत नाही.

आणि ती मतं किती मोलाची असू शकतात ते याच जूनमध्ये मुंबई वायव्यला दिसलं. ईव्हीएमच्या मोजणीत अमोल कीर्तिकर एका मताने पुढे होते. पोस्टल मतं धरल्यावर रवींद्र वायकर ४८ मतांनी निवडून आले. बाद झालेली पोस्टल मतं होती १११. कुणाच्या बाजूने बोलायला हे लिहीत नाही. त्या १११ जणांत ड्यूटीवरचे शिक्षक असतील, पोलीस असतील, एखाद्या खाटेवरच्या आजी असतील. त्यांना वाटतं आहे आपण मत दिलं.

---

चंदगडचे_गुरुजी | ३० ऑक्टोबर

पंत, हे वाचून आज प्रशिक्षणाला गेल्यावर माझ्या गटातल्या बावीस जणांची प्रतिज्ञापत्रं मी स्वतः क्रमांक जुळवून पाहिली. दोघांचे चुकले होते.

---

नलिनी_पोर्टलँड | ८ नोव्हेंबर

आमची निवडणूक झाली. प्रस्ताव ११८ मोठ्या फरकाने पडला. (माझं मत शेवटी विरोधात गेलं.)

मूळ प्रश्नाकडे येते. मी "सरस" असा शब्द वापरला होता, तो मागे घेते. वेळ आणि पुस्तिका हातात असणं, हा फायदा माझ्यासाठी अजूनही सगळ्यात मोठा आहे, आणि पोर्टलँडच्या मतपत्रिकेसारखी लांबलचक पत्रिका असेल तिथे टपाल हवंच. पण रवीने सांगितलं तसं केंद्र उघडं असल्याशिवाय नको. नुसत्या टपालाने मेधाचं ते एक बटण गेलं असतं. आणि ज्याचं पाकीट दुसऱ्याच्या पिशवीतून जाणार आहे, त्याला गुरुजींचं पथकच हवं.

आईला आज विचारलं, २० तारखेला पुन्हा घरूनच का? तिने १२-ड भरून कधीच दिला आहे. म्हणाली, "येणारी माणसं चांगली असतात. मी त्यांच्यासाठी चिवडा करून ठेवणार आहे." मी सांगितलं, ते घेणार नाहीत.

---

चंदगडचे_गुरुजी | ८ नोव्हेंबर

घेतील.

---

वाडीवरला | २२ नोव्हेंबर

धागा वर काढतो. काही टोळ्या यंदा मतदान करूनच निघाल्या. आमच्या वाडीच्या दोन मात्र दिवाळी झाल्याबरोबर शिरोळकडे गेल्या होत्या. त्यातल्या अकरा कोयत्यांनी (एक कोयता म्हणजे एक जोडपं), म्हणजे बावीस माणसांनी, दोन जीप ठरवल्या. १९ ला संध्याकाळी फडातून निघाले, रात्रभर प्रवास, सकाळी सातला शाळेपुढे रांगेत. माझी आई त्यात होती. तिचं बोट मी बघितलं, विनूदादा. दुपारी भाकरी खाऊन परत निघाले, २१ ला पहाटे फडात. दोन दिवसांची मजुरी बुडाली, आणि जीपचं भाडं चुलत्याने वहीत उचलीपुढे लिहून घेतलं आहे.

---

मेधा_के | २२ नोव्हेंबर

आईंना मत कुणाला दिलं ते विचारलंत का?

---

वाडीवरला | २२ नोव्हेंबर

विचारलं. सांगितलं नाही.